चष्मा सुटला, डोळा सुजला : अंतराळस्थानकावरच्या एका प्रकरणाचा अभ्यास

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगतात. या प्रकरणात फक्त त्या तक्त्यावर भिस्त ठेवली असती, तर ‘प्रकृती उत्तम’ असाच शेरा पडला असता.

ज्यांची ही गोष्ट आहे त्या अंतराळवीर उड्डाणाआधी विनाचष्म्याने २०/३० ची ओळ वाचत. आपल्याकडच्या मोजणीत ही नजर ६/९. मोहिमेच्या ९० व्या दिवसापर्यंत त्या २०/१६ किंवा त्याहूनही बारीक ओळ वाचू लागल्या. पृथ्वीवर परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी नोंद झाली २०/१५, म्हणजे ठणठणीत डोळ्याकडून आपण जी अपेक्षा करतो त्याहूनही सरस. आणि याच महिन्यांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मागच्या बाजूला इतकी सूज आली होती, की तेवढी सूज मोहीम चालू असताना आधी कुणाच्याच अहवालात नोंदलेली नव्हती.

मोहीम आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरची, सुमारे सहा महिन्यांची. वैद्यकीय चमूने या प्रकरणाचा तपशीलवार अहवाल २०२४ साली अमेरिकेतल्या ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अहवालात नाव नाही, मोहिमेचा क्रमांक नाही, इथेही नाही. पुढचे आकडे त्या अहवालातले आहेत. त्यांवरची टिप्पणी माझी.

पार्श्वभूमी

अंतराळातून आलेल्या माणसाला जवळचं वाचताना त्रास होतो ही तक्रार जुनी आहे. शटलच्या काळात फेऱ्या दोनेक आठवड्यांच्या असत, त्यामुळे ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. स्थानकावर सहा-सहा महिने मुक्काम होऊ लागल्यावर मात्र चित्र बदललं. २०११ साली नेत्रतज्ज्ञ थॉमस मेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब मोहिमेवरून परतलेल्या सात जणांच्या तपासण्या छापल्या. सातपैकी पाच जणांच्या ऑप्टिक डिस्कवर सूज होती, पाच जणांचा नेत्रगोल मागून चपटा झाला होता, पाच जणांच्या कोरॉइडला घड्या पडल्या होत्या. त्याच अभ्यासात सुमारे ३०० अंतराळवीरांच्या प्रश्नावल्याही चाळल्या होत्या. नजर उतरल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण छोट्या मोहिमांमध्ये २९ टक्के, तर लांब मोहिमांमध्ये ६० टक्के निघालं.

ज्यांचा डोळ्यांच्या शरीररचनेशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस म्हणजे ऑप्टिक नर्व्ह. ती डोळ्याच्या मागच्या भिंतीतून जिथे बाहेर पडते ती गोल जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. आणि डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला जो थर असतो तो कोरॉइड. पृथ्वीवर आपण उभे असताना रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. वजनरहित अवस्थेत ही ओढ नसते. द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात, मानेच्या शिरा फुगलेल्या राहतात. कोरॉइडमधल्या रक्ताचा निचरा नीट होत नाही, तो जाड होतो. नसेभोवतीच्या आवरणातलं मेंदूजल, म्हणजे मेंदूभोवती असतो तो द्रव, कोंडतं आणि नेत्रगोलाला मागून दाबतं, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं.

सुरुवातीला सगळा ठपका कवटीतल्या दाबावर ठेवला गेला होता. मेडर यांच्या अभ्यासातल्या चार जणांचं परतल्यानंतर लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेत मणक्यांमधून सुई घालून मेंदूजलाचा दाब मोजला, तेव्हा तो पाण्याच्या २१ ते २८.५ सेंटिमीटर निघाला. काही आकडे वाढलेले होते, पण पृथ्वीवर ज्या रुग्णांच्या डिस्कवर अशी सूज येते त्यांच्याइतके नव्हते. शिवाय त्या रुग्णांना होणारी तीव्र डोकेदुखी, कानात नाडीसारखी घुमणारी धडधड, एकाच्या दोन वस्तू दिसणं, यांतलं अंतराळवीरांमध्ये सहसा काही दिसत नव्हतं. पुढे कर्करोगाच्या उपचारासाठी कवटीखाली कायमची नळी बसवलेल्या काही स्वयंसेवकांना विमानातून क्षणिक वजनरहित अवस्थेत नेऊन दाब थेट मोजला गेला. तो आडवं झोपल्यावर असतो त्याहून कमी आणि बसल्यावर असतो त्याहून जास्त भरला. म्हणजे दाब फार चढतो असं नाही. पण पृथ्वीवर दिवसाचे सोळा तास उभं-बसलेलं राहून मेंदूला आणि डोळ्यांना जी सुट्टी मिळते, ती वर मिळतच नाही. २०१७ च्या सुमारास आजाराच्या नावातून ‘कवटीतला दाब’ काढून टाकण्यात आला. आता त्याला ‘स्पेसफ्लाइट असोसिएटेड न्यूरो-ऑक्युलर सिंड्रोम’, थोडक्यात सॅन्स, म्हणतात. लांब मोहिमेवरच्या सुमारे ७० टक्के लोकांमध्ये त्याची एखादी तरी खूण सापडते. त्यामुळे कुणाची दृष्टी कायमची गेल्याची नोंद मात्र नाही.

स्थानकावर डोळे तपासण्याची सोय चांगली आहे. अल्ट्रासाउंड आहे, पडद्याचे फोटो काढता येतात आणि २०१३ पासून ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने पडद्याच्या थरांचं छेदचित्र काढणारं, आधुनिक यंत्र आहे. शहरातल्या मोठ्या नेत्ररुग्णालयात असतं तसंच. पडद्याचे थर त्यावर मायक्रोमीटरमध्ये मोजता येतात. तपासणी अंतराळवीरच एकमेकांची करतात. नासाचे ह्यूस्टनमधले तज्ज्ञ संगणकावर पाहून सूचना देतात. वर नाही ते एमआरआय, आणि लंबर पंक्चर करण्याची सोय.

अडचण काय होती

उड्डाणाआधी त्यांचा दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस एक होता. सौम्य लघुदृष्टी : जवळचं स्वच्छ, लांबचं जरा धूसर. अशा डोळ्यात प्रतिमा पडद्याच्या किंचित पुढे पडते. आता डोळा मागून चपटा झाला किंवा सुजलेल्या कोरॉइडने पडदा पुढे ढकलला, तर पडदा प्रतिमेच्या जागी येतो आणि लांबचं आपोआप स्पष्ट दिसू लागतं. त्यांच्या बाबतीत हेच घडलं. ज्या बदलामुळे चाळिशी ओलांडलेल्या, आधी नंबर नसलेल्या सहकाऱ्याला नोंदवही वाचता येईनाशी होते, त्याच बदलाने यांचा चष्मा सुटला. तक्रार करण्याजोगं काही नव्हतंच.

ओसीटी वेगळंच सांगत होतं. ऑप्टिक डिस्कच्या कडेने पडद्याची एकूण जाडी किती, हे सॅन्समधलं सर्वांत भरवशाचं माप मानतात. त्यात २० मायक्रोमीटरच्या आसपास वाढ झाली, तरी सूज सुरू झाली असं धरतात. यांच्या उजव्या डोळ्यात उड्डाणाआधी ही जाडी ४०१ मायक्रोमीटर होती. ८४ व्या दिवशी ६१३. डाव्या डोळ्यात ४०४ होती. १२६ व्या दिवशी ६३६. म्हणजे वाढ २१२ आणि २३२. उंबरठ्याच्या दहापट.

सुजेपेक्षाही काळजीची बाब होती घड्यांची. डिस्कभोवती कोरॉइडला आणि त्यावरच्या पडद्याला चुण्या पडल्या होत्या, आणि त्या फोवियाच्या दिशेने पोचत होत्या. फोविया म्हणजे पडद्याचा तो इवलासा मध्यबिंदू, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, उपकरणावरचा आकडा पाहतो. तिथपर्यंत घड्या येण्याचं प्रमाण फार कमी. अहवालाप्रमाणे असे अंतराळवीर आतापर्यंत चारच, त्यांपैकी या एक. फोवियावर घडी पडली की सरळ रेषा वाकडी दिसू लागते, आणि घडी बराच काळ राहिली तर ती खूण मागे ठेवूनही जाऊ शकते.

पृथ्वीवर एखाद्या नेत्रतज्ज्ञाला दोन्ही डिस्कवर एवढी सूज दिसली असती, तर रुग्णाची त्याच दिवशी एमआरआयसाठी रवानगी झाली असती आणि त्यानंतर लंबर पंक्चर. इथे रुग्ण ४०० किलोमीटर उंचीवर, कामात व्यग्र, स्वतःला काहीही होत नाही असं म्हणण्याच्या स्थितीत. आणि नजर आधीपेक्षा चांगली.

समोरचे मार्ग

अशा वेळी वैद्यकीय चमूसमोर असू शकणारे मार्ग मोजकेच असतात.

पहिला, ओसीटी करत राहायचं आणि वाट पाहायची. सॅन्सचे बहुतेक रुग्ण असेच हाताळले जातात, आणि त्यात चूक नाही. परतल्यावर सूज सहसा उतरते. पण तो अनुभव बेताच्या सुजेचा आहे. पूर्वी कधी न दिसलेल्या सुजेला तो लावायचा का?

दुसरं टोक म्हणजे मोहीम आवरती घेऊन परत आणणं. गुरुत्वाकर्षण हे सॅन्सवरचं खात्रीचं औषध. पण माणूस एकटा परतत नाही. ज्या यानातून आला त्यातले सगळेच परततात, आणि मग स्थानकाचं वेळापत्रक कोलमडतं. नजर २०/१६ असलेल्या माणसासाठी एवढा निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा, हे कुठे ठरलेलं नाही.

तिसरा मार्ग औषधाचा. डिस्कवर सूज असलेल्या रुग्णांना पृथ्वीवर ॲसेटाझोलामाइड देतात. त्याने मेंदूजल कमी तयार होतं. त्याने मूतखड्याचा धोका वाढतो. वजनरहित अवस्थेत हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे जात असतं, म्हणजे तो धोका आधीच वाढलेला. वर कुणाला मूतखड्याची कळ आली, तर तो डोळ्याच्या सुजेपेक्षा मोठा प्रसंग. आणि सॅन्समध्ये मुळात दाब वाढलेला असतो की नाही याचीच शंका असताना दाब उतरवण्याची गोळी देणं मला तरी घाईचं वाटतं.

द्रव पायांकडे ओढून घेण्याचीही साधनं आहेत. रशियन चमूकडे ‘चिबिस’ नावाचा सूट असतो. तो कमरेखालच्या भागाभोवती हवेचा दाब कमी करतो आणि रक्त खाली खेचतो. तो मुख्यतः परतीच्या आधीच्या आठवड्यांत, पृथ्वीवर उभं राहताना चक्कर येऊ नये यासाठी वापरतात. रोज तासन्‌तास तो घालून बसायचं आणि बाकीची कामंही करायची, हे जमायला कठीण.

उरले दोन मार्ग : हवा आणि जीवनसत्त्वं. या प्रकरणात शेवटी हेच दोन घडले, म्हणून त्यांच्यामागचा विचार जरा सविस्तर पाहू.

हवेतला कार्बन डायऑक्साइड

बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा, पाऱ्याच्या सुमारे ०.३ मिलिमीटर असतो. स्थानकावर तो कितीतरी पट जास्त असतो. या मोहिमेत सुरुवातीला सरासरी २.६ होता. त्यात वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे पंखे नसतील तर उच्छ्वासाची हवा तोंडाभोवतीच घुटमळते. कार्बन डायऑक्साइडने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो. आधीच गर्दी झालेल्या कवटीत आणखी भर.

हा संशय २०१७ साली जर्मनीत कोलोन इथे तपासून पाहिला गेला. ११ जणांना महिनाभर डोकं सहा अंश खाली आणि पाय वर अशा पलंगावर झोपवलं, उशीदेखील दिली नाही, आणि खोलीतल्या हवेत ०.५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवला. पाच जणांच्या डिस्कवर सूज आली. पृथ्वीवर निरोगी माणसांमध्ये सॅन्ससारखी सूज आणता येते हे तिथे दिसलं, आणि सगळ्यांचं बोट कार्बन डायऑक्साइडकडे वळलं. दोन वर्षांनी तिथेच साध्या हवेत ६० दिवसांचा प्रयोग झाला, आणि सूज त्यातही आली. म्हणजे या वायूशिवायही आजार होतो. तो वायू आगीत तेल ओततो का, एवढाच प्रश्न मग उरतो.

बी जीवनसत्त्वं आणि जनुकं

दुसरा धागा अनपेक्षित ठिकाणाहून आला. नासाचे पोषणतज्ज्ञ स्कॉट स्मिथ आणि सारा झ्वार्ट यांनी अंतराळवीरांच्या जुन्या रक्ततपासण्या चाळल्या. ज्यांची नजर बिघडली होती, त्यांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आणि त्याच्या नात्यातली इतर द्रव्यं उड्डाणाच्या आधीपासूनच जास्त होती. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. ही द्रव्यं फोलेट, बी १२, बी ६ आणि रायबोफ्लेविन यांच्या मदतीने चालणाऱ्या एका चयापचय साखळीतली. नंतर या साखळीतल्या दोन जनुकांच्या विशिष्ट रूपांशी सॅन्सचा संबंध दिसला : एमटीआरआर आणि एसएचएमटी१. कल्पना अशी, की या रूपांमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर कमकुवत राहतं, पाझरतं. पृथ्वीवर त्याने काही अडत नाही, पण द्रव डोक्याकडे सरकले की उणीव उघडी पडते.

प्रत्येक माणसात दोन जनुकांच्या मिळून चार प्रती. या अंतराळवीरांच्या चारही प्रती धोक्याच्या निघाल्या. चारपैकी चार.

काय केलं

दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास घडल्या. १५४ व्या दिवसाच्या ओसीटीच्या काही आठवडे आधी स्थानकाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सरासरी २.६ वरून १.३ मिलिमीटरवर आला. १.३ म्हणजे खिडक्या लावून बसलेल्या भरगच्च वर्गातली हवा. मोकळ्या हवेच्या चौपट, तरी आधीच्या निम्मी.

आणि १५३ व्या दिवशी चार जीवनसत्त्वांचे साठे उघडले गेले : बी ६ रोज १०० मिलिग्रॅम, मिथाइलफोलेट ५ मिलिग्रॅम, बी १२ १००० मायक्रोग्रॅम, रायबोफ्लेविन ४०० मिलिग्रॅम. हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नये. रायबोफ्लेविनची रोजची गरज एक-दीड मिलिग्रॅम असते. ४०० हा मायग्रेनच्या रुग्णांना देतात तसला डोस. बी ६ ची रोजची गरजही एवढीच, आणि १०० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, ‘त्याने काय होतंय’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा हा प्रकार नव्हे.

गोळ्या रोज घेतल्या गेल्या. पोटाचा त्रास सुरू झाला आणि १६९ व्या दिवसानंतर त्या बंद केल्या. एकूण अडीच आठवड्यांचा उपचार.

निष्पत्ती

सूज उतरली. मापनातल्या चुकीत मावणार नाही इतकी, आणि मोहीम चालू असतानाच. डिस्कभोवतीच्या घड्या डाव्या डोळ्यात १२६ व्या दिवशी आणि उजव्या डोळ्यात १५४ व्या दिवशी कमाल होत्या. मग त्याही कमी झाल्या. कोरॉइडची जाडी मात्र मोहीम संपेपर्यंत वाढतच राहिली. हे वाक्य विसरता कामा नये. डोळ्यात रक्त तुंबणं चालूच होतं. हवेने आणि गोळ्यांनी, जर काही केलं असेल तर, फक्त सुजेचं केलं.

परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी थेंब टाकून नंबर काढला. उजवा डोळा प्लस अर्धा, त्यात पाव नंबरचा सिलिंडर. डावा प्लस एक. म्हणजे डाव्या डोळ्यात सहा महिन्यांत तब्बल दोन नंबरांचा बदल. हाही उच्चांकच. परतल्यानंतर एका आठवड्याने लंबर पंक्चर झालं, दाब १९.४ सेंटिमीटर. अगदी सर्वसाधारण.

निर्णयाच्या जागा

अहवालाचे लेखक सावध आहेत. सुधारणा जीवनसत्त्वांमुळे असेल, हवेमुळे असेल, दोन्हींमुळे असेल किंवा निव्वळ योगायोग असेल, असं ते म्हणतात. तारखा एकापुढे एक मांडल्या की यापेक्षा थोडं पुढे जाता येतं.

उजव्या डोळ्याची सूज ८४ व्या दिवशी सर्वांत जास्त होती. गोळ्या सुरू झाल्या १५३ व्या दिवशी, म्हणजे ६९ दिवसांनी. डाव्या डोळ्याची कमाल १२६ व्या दिवशी, गोळ्यांच्या जवळपास चार आठवडे आधी. पुढचं ओसीटी १५४ व्या दिवशी झालं, तोवर गोळ्या घेऊन जेमतेम एक दिवस उलटलेला. एका दिवसात जीवनसत्त्वं नसेची सूज उतरवतात असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा सुजेने वळण घेतलं ते गोळ्यांनी नव्हे, एवढं नक्की. वळणानंतरचा उतार त्यांनी वेगवान केला असू शकेल. उजव्या डोळ्यातल्या घड्या १५४ नंतरच कमी झाल्या, हा एक मुद्दा त्यांच्या बाजूने जातो. हवेतला बदल तारखांशी जास्त जुळतो, पण उजव्या डोळ्याचं वळण त्याही आधीचं असावं. या तपशिलांवरून वृत्तपत्री मथळा करायचा झाला तर ‘जीवनसत्त्वांनी अंतराळवीराचे डोळे वाचवले’ हा मथळा सगळ्यांत चुकीचा ठरेल.

दोन बदल एकाच वेळी होऊ देणं ही चूक होती का? प्रयोगशाळेच्या दृष्टीने हो. पण रुग्णाच्या फोवियाकडे घडी सरकत असताना ‘आधी हवा बदलू, महिनाभर थांबू, मग गोळ्या’ असं म्हणणारा डॉक्टर मला भेटू नये. शिवाय हवा सगळ्यांची एकच. एका माणसासाठी ती वेगळी करता येत नाही. त्याच काळात स्थानकावर असलेल्या इतरांच्या ओसीटीत हवा सुधारल्यावर काय फरक पडला, ही तुलना मात्र करता येण्यासारखी आहे. त्यांनी गोळ्या घेतल्या नव्हत्या असं धरलं, तर तो आपोआप मिळालेला नियंत्रण गट ठरतो.

मला जास्त खटकते ती ८४ ते १५३ मधली फट. ८४ व्या दिवशी उजव्या डोळ्याने उंबरठ्याच्या दहापट मजल मारली होती. स्थानकावर जे सामान नाही ते पाठवायचं तर पुढच्या यानाची वाट पाहावी लागते, हे खरं. आणि तोवर जीवनसत्त्वांचा धागा हा कागदावरचा संशय होता, हेही खरं. पण सुजेच्या कोणत्या आकड्याला निरीक्षण थांबवून उपचार सुरू करायचा, हा आकडा आधी ठरलेला असता तर ती फट लहान झाली असती.

लंबर पंक्चरच्या वेळेचाही प्रश्न आहे. आठवडाभर गुरुत्वाकर्षणात वावरलेल्या माणसाचा दाब आपल्याला वरच्या दाबाबद्दल फारसं सांगत नाही. १९.४ या आकड्यावरून ‘दाब वाढलाच नव्हता’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पूर ओसरल्यावर नदीची पातळी मोजणं. उतरल्या दिवशीच सुई टोचायची, तर चालताना झोक जाणाऱ्या, उलट्या होणाऱ्या माणसावर तोही अन्याय. तेव्हा वरच्या वरच दाबाचा अंदाज देणारी, सुई न टोचणारी पद्धत हवी.

वेगळं काय करता येईल

पहिली गोष्ट सोपी आहे : नजरेच्या तक्त्याला सॅन्सच्या पाहणीतलं वजन कमी द्यायचं, आणि आधी मायनस नंबर असलेल्या माणसाची नजर सुधारली तर तिला वाईट खूण मानायचं. ओसीटीच्या तारखा सगळ्यांना सारख्या ठेवण्याऐवजी पहिल्याच तपासणीत वाढ दिसली तर पुढच्या जवळ आणायच्या.

जनुकांचा मुद्दा नाजूक आहे. चारही प्रती धोक्याच्या आहेत हे उड्डाणाआधी माहीत असतं तर? निवडीतून वगळणं हा उपाय नव्हे. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्याने नोकरीच्या निर्णयात जनुकीय माहिती वापरायला मनाई आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण ही माहिती त्या व्यक्तीच्या आणि तिच्या डॉक्टरच्या हातात राहिली, तर तपासण्या लवकर सुरू करता येतील, फोलेट आणि बी १२ ची पातळी आधीपासून नीट राखता येईल. भारतीयांनाही हा विचार आता परका नाही. शुभांशू शुक्ला २०२५ साली स्थानकावर सुमारे अडीच आठवडे राहून आले. तेवढ्या मुक्कामात असा प्रश्न फारसा गंभीर होत नाही. पण भारताने २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळस्थानक उभारायचं ठरवलं आहे, आणि मग मुक्काम महिन्यांचे होतील. आपल्याकडे शाकाहारी लोकांमध्ये बी १२ ची कमतरता किती सर्रास आढळते, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावं. आपल्या अंतराळवीरांच्या होमोसिस्टीनची नोंद निवडीच्या पहिल्या वर्षापासून ठेवायला खर्च नगण्य आहे.

मंगळाच्या मोहिमेत हे गणित आणखी अवघड होतं. एकीकडचा प्रवासच सहा ते नऊ महिन्यांचा, परत फिरण्याची सोय नाही, आणि ह्यूस्टनच्या तज्ज्ञाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला कधी कधी चाळीस मिनिटं. तिथे ओसीटीच्या चित्राचा अर्थ लावणारा माणूस यानातच हवा.

आणि गोळ्यांबद्दल एक अगदी व्यवहारी गोष्ट. चार जीवनसत्त्वं, चारही मोठ्या मात्रेत, एकाच दिवशी सुरू; पोट बिघडलं तेव्हा दोष कुणाचा हे कळायला जागा नव्हती, म्हणून चारही बंद झाली. धोक्याची जनुकं असलेल्या व्यक्तीने ही मात्रा उड्डाणाआधी पृथ्वीवरच महिनाभर, एकेक वाढवत घेऊन पाहिली असती, तर पोटाला काय सोसतं ते खालीच समजलं असतं आणि वर अडीच आठवड्यांऐवजी पूर्ण मोहिमेचा उपचार करता आला असता. पुढच्या अशा रुग्णाच्या सामानात गोळ्या पहिल्या दिवसापासून असाव्यात, आणि त्या चार वेगवेगळ्या डब्यांत असाव्यात.